पीएमयू चांगला चालला, मग खातं तयार झालं का?

वर्ल्ड बँक, एडीबी (आशियाई विकास बँक), जायका (जपान सरकारची मदत संस्था) यांचं कर्ज घेऊन चालणाऱ्या योजनांबद्दल बोलताना लोक दोन गोष्टी हमखास एकच धरतात, एक म्हणजे प्रकल्पासाठी उभा केलेला पीएमयू आणि दुसरी सरकारी खात्याची स्वतःची क्षमता. टिपणीत सुद्धा "पीएमयू स्थापन करून क्षमताबांधणी केली" असं सर्रास लिहितात, आणि ते वाचून राहवत नाही म्हणून हे लिहितोय.

पीएमयू म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन कक्ष. वेगळं ऑफिस, वर बहुतेक वेळा एखादा आयएएस प्रकल्प संचालक, काही अधिकारी प्रतिनियुक्तीवर आणि बाकी कॉन्ट्रॅक्टवरचे कन्सल्टंट, कुणी टेंडर बघणारा, कुणी अकाउंट, कुणी पर्यावरण. प्रकल्प संपला की कक्षही संपला. क्षमता म्हणजे हेच काम खात्यातल्या कायमच्या माणसांना आपल्या रोजच्या टेबलावर बसून जमणं.

आता काम म्हणजे नेमकं काय, तर बऱ्याच जणांना वाटतं बँक पैसे आधी आणून देते आणि मग आपण खर्च करतो. साधारणपणे होतं उलटं. करार केंद्राचा आर्थिक व्यवहार विभाग करतो, राज्य आधी आपल्या बजेटमधून खर्च करतं, मग त्या खर्चाचा क्लेम दिल्लीत कंट्रोलर ऑफ एड अकाउंट्सकडे जातो, तिथून बँकेकडे, आणि पैसे आले की केंद्रामार्फत राज्याला मिळतात. क्लेममधलं एखादं टेंडर बँकेच्या नियमात बसत नसलं तर तो खर्च अपात्र, म्हणजे राज्याच्या खिशातून गेला. वर्ल्ड बँकेच्या नेहमीच्या कर्जावर न उचललेल्या रकमेलाही वर्षाला ०.२५ टक्के कमिटमेंट चार्ज असतो, १० कोटी डॉलर वर्षभर नुसते पडून राहिले तर अडीच लाख डॉलर गेले. म्हणून क्लेम वेळेत आणि बिनचूक जाणं हे फार मोठं काम आहे.

एका खात्यात जवळून पाहिलंय. प्रकल्प संपला, त्याच महिन्यात कन्सल्टंटची कॉन्ट्रॅक्ट संपली आणि शेवटचा क्लेम राहिला. बिलं सगळी कपाटात होती, पण कुठलं बिल कर्जाच्या कुठल्या हेडखाली धरलंय ती एक्सेल शीट गेलेल्या माणसाच्या लॅपटॉपमध्ये. लेखा शाखेतल्या मॅडम, वीस वर्षं ट्रेझरीची बिलं केलेल्या, रोज संध्याकाळी थांबून एकेक व्हाउचर रजिस्टरशी जुळवत बसायच्या, दोन महिने गेले त्यात. हुशारीत त्या कुठेच कमी नव्हत्या, पण सहा वर्षांत त्यांना एकदाही कुणी शेजारी बसवून दाखवलं नव्हतं.

पीएमयू वाईट असं माझं म्हणणं नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर वर्ल्ड बँकेच्या कर्जातून पुनर्वसन करताना वेगळी यंत्रणा लागलीच, माणसं उघड्यावर असताना खात्याला शिकवत बसायला वेळ नसतो. पण साध्या, चालू कामाला सुद्धा दरवेळी समांतर कक्ष काढला की खात्यातल्या माणसाला "हे आपलं काम नाही" अशी सवय लागते. परदेशी मदत कशी वापरावी याबद्दलच्या २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्यात देणगीदार आणि घेणाऱ्या देशांनी मिळून असे समांतर कक्ष २०१० पर्यंत दोन तृतीयांशांनी कमी करायचं ठरवलं होतं ते यामुळेच.

आपल्याकडे फरक बघायचा तर जलस्वराज्य बघा, वर्ल्ड बँकेच्या कर्जातली महाराष्ट्रातल्या गावांच्या पाणीपुरवठ्याची योजना. २००३ च्या पहिल्या टप्प्यात पाणीपुरवठा विभागात जो कक्ष होता त्याच्या नावातच दोन्ही गोष्टी होत्या, रिफॉर्म सपोर्ट (सुधारणांना आधार) आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंट (प्रकल्प चालवणं). २०१४ चा दुसरा टप्पा आला तो प्रोग्राम फॉर रिझल्ट्स पद्धतीने, म्हणजे पैसे ठरलेले निकाल दाखवल्यावर सुटणार आणि खर्च सरकारच्या नेहमीच्या पद्धतीनेच होणार. अशा वेळी खात्याची स्वतःची यंत्रणा कच्ची असली तर ती झाकायला जागा राहत नाही, म्हणून मला ही पद्धत जास्त पटते.

तुमच्या जिल्ह्यात असा प्रकल्प चालू असेल तर एवढंच विचारा, शेवटचा क्लेम कोण पाठवणार आणि तो माणूस कायम नोकरीत आहे का. वर सांगितलेल्या खात्यात आता नवीन प्रकल्प आलाय, पीएमयूसाठी कन्सल्टंटची जाहिरात निघालीय, आणि त्या मॅडमची बदली झालीय.