युफोर्बिया रेझिनिफेरा

एरंड कुलातील (युफोर्बिएसी) काटेरी, मांसल झुडूप. मूळ स्थान मोरोक्कोतील ॲटलास पर्वताचे कोरडे, खडकाळ उतार. उंची जेमतेम दोन फूट, पण पसारा दोन मीटरपर्यंत. चौधारी, निळसर-हिरव्या, पानहीन खोडांच्या कडांवर आखूड काट्यांच्या जोड्या असतात. दिसायला निवडुंग, पण कॅक्टस नव्हे. आपल्याकडचा त्रिधारी निवडुंग आणि कुंपणाचा शेर याच युफोर्बिया प्रजातीतले. फड्या निवडुंग मात्र अमेरिकेतून आलेला खरा कॅक्टस. अशा निवडुंगासारख्या झाडाचे खोड मोडल्यावर पांढरा चीक आला, तर ते बहुधा युफोर्बियाचे, अशी साधी खूण सांगता येते.

प्राचीन मॉरिटेनियाचा (आजचा उत्तर मोरोक्को व अल्जीरियाचा भाग) राजा दुसरा जुबा याने आपला वैद्य युफोर्बस याचे नाव या वनस्पतीला दिले, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. चीक इतका जहाल, की लांबूनच काठीने खोडाला खाच पाडून तो गोळा करत, असेही त्याने लिहिले आहे. वाळलेला चीक युनानी वैद्यकात ‘फरफियून’ म्हणून ओळखला जातो. तो कुटताना उडणाऱ्या धुळीने शिंकांनी बेजार व्हायला होते. डोळ्यांना आणि त्वचेलाही तो घातक आहे. याच झाडाच्या फुलांपासून मधमाश्या मध करतात आणि मोरोक्कोत त्याला चांगला भाव आहे. तो खाताना घशाला किंचित झणका लागतो.

चिकातील रेझिनिफेराटॉक्सिन हे द्रव्य १९७५ मध्ये वेगळे करण्यात आले. मिरचीतील शुद्ध कॅप्सेसिनची तिखटी १.६ कोटी स्कोव्हिल एकके धरतात, याची १,६०० कोटी. अर्थात हा आकडा चाखून काढलेला नाही, हिशेबाने आला आहे.

उष्णता व तिखटपणा जाणवणाऱ्या चेतापेशींवर टीआरपीव्ही१ नावाची प्रथिनांची द्वारे, म्हणजे दारे, असतात. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये त्यांचे जनुक शोधले. २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता. रेझिनिफेराटॉक्सिन हे दार उघडते आणि बराच वेळ उघडेच ठेवते. आत कॅल्शियम भसाभसा शिरते आणि वेदना वाहून नेणारी चेतातंतूंची टोके निकामी होतात. मात्रा जास्त असल्यास पेशीच मरते. स्पर्श व हालचालीच्या बहुतेक चेतापेशींवर ही द्वारे नसल्याने त्या वाचतात. अफूजन्य औषधांसारखी गुंगी किंवा सवय लागण्याचा प्रश्न येथे नाही. म्हणूनच हाडांच्या कर्करोगाने पिडलेल्या कुत्र्यांवर, पुढे कर्करोगाच्या असह्य वेदना आणि गुडघ्याची झीज असलेल्या माणसांवर त्याच्या चाचण्या झाल्या. इंजेक्शन देताना मात्र आधी भयंकर आग होते, त्यामुळे भूल द्यावी लागते.