उंदराची शेपटी आणि तापाची गोळी

परवा शेजारच्या काकू नातीला पॅरासिटामॉलचं सिरप पाजत होत्या. ताप नव्हताच, पण "शाळेत सगळ्यांना व्हायरल झालंय, आधीच दिलेलं बरं." पुण्यात पावसाळ्यात हे बऱ्याच घरांत चालतं, आणि त्यामागे समज असा की हे औषध अंग थंड करतं. तसं नाहीये, आणि तापाची नवीन औषधं तपासायच्या उंदरांवरच्या चाचणीत ते फार छान दिसतं.

ब्रेडला वापरतात तसलं यीस्ट पाण्यात कालवून पांढऱ्या उंदराच्या कातडीखाली टोचतात, साधारण 18 तासांनी ताप चढलेला असतो, मग काहींना नवीन औषध, काहींना पॅरासिटामॉल, काहींना नुसतं पाणी, आणि ठरावीक वेळाने गुदद्वारात थर्मामीटर. नुसतं हातात धरलं तरी उंदराचं तापमान वाढतं, म्हणून आधी त्याला या सगळ्याची सवय करतात.

खरी गंमत शेपटीत आहे. उंदीर अंगातली जादा उष्णता शेपटीतून बाहेर टाकतो, पण ताप चढताना तिथल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि अंग तापत असताना शेपटी गार पडते! पोरांचे हातपाय ताप चढताना गार लागतात, हुडहुडी भरते, ते हेच. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसने, म्हणजे अंगाचं तापमान सांभाळणाऱ्या भागाने, गीझरच्या थर्मोस्टॅटसारखा काटाच 37 वरून 39 अंश सेल्सिअसवर नेलेला असतो, मग 37 चं अंग त्याला थंड वाटतं. काटा सरकवतं प्रोस्टाग्लँडिन ई2 (थोडक्यात ई2) नावाचं शरीरातच बनणारं रसायन. यीस्टमुळे प्रतिकारपेशी सायटोकाइन नावाची निरोप देणारी प्रथिनं सोडतात, त्याने कॉक्स-2 हे एन्झाइम वाढतं, ते अ‍ॅराकिडॉनिक अ‍ॅसिड या पेशींतल्या स्निग्धाम्लापासून ई2 बनवायला लागतं आणि ई2 हायपोथॅलॅमसमधल्या ईपी3 रिसेप्टरवर, म्हणजे ते ओळखणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनावर, बसतं. अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन बनणंच रोखतं हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी 1971 मधे दाखवलं, 1982 चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. पॅरासिटामॉलही मेंदूतलं ई2 कमी करतं, काटा खाली येतो, शेपटी परत गरम होते, आणि आपल्याला दरदरून घाम फुटतो.

ताप नसलेल्या उंदराला तेच औषध नेहमीच्या डोसला दिलं तर तापमान जवळपास तिथंच राहतं. काटा सरकलेलाच नाही तर मागे काय आणणार?

आणि ते नुसतं पाणी दिलेले उंदीर कशाला, तर ताप आपणहूनही उतरतो म्हणून. मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली आणि ताप गेला म्हणणाऱ्यांकडे आणि अमुक काढ्याने उतरला म्हणणाऱ्यांकडे हाच गट नसतो. "उंदरांवर सिद्ध" असं छापलेल्या जाहिरातीनेही हुरळून जाऊ नका, यीस्टचा ताप म्हणजे डेंग्यू नव्हे.

काकूंना म्हटलं, आधी थर्मामीटर लावा, ताप असेल तर डॉक्टरांनी वजनावर सांगितला तेवढाच डोस द्या, जास्त झालं तर लिव्हरवर येतं.