प्रीसेट, एसएमडी

छापील सर्किट बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणारा (एसएमडी म्हणजे असा पृष्ठभागावर बसणारा घटक) आणि बारीक स्क्रू ड्रायव्हरने फिरवून जुळवायचा छोटा बदलता रोधक. पूर्ण नाव ट्रिमर पोटेन्शिओमीटर. रेडिओच्या आवाजाचे बटण रोज फिरते, प्रीसेट मात्र उपकरण तयार होताना किंवा दुरुस्तीनंतर एकदा जुळवायचा आणि तसाच ठेवायचा असतो. या प्रकारच्या घटकाला बाजारात ओळख मिळाली ती अमेरिकेतील मार्लन बॉर्न्स यांनी 1952 मध्ये आणलेल्या ‘ट्रिमपॉट’मुळे.

आत सिरॅमिकच्या चकतीवर रोधाचा पट्टा असतो आणि त्यावरून वायपर, म्हणजे सरकता संपर्क, फिरतो. पट्टा बहुधा सरमेटचा, म्हणजे सिरॅमिक आणि धातू यांच्या मिश्रणाचा असतो. स्वस्त प्रकारात कार्बनचा. टोकाची दोन आणि वायपरचे एक अशी तीन टर्मिनल. एकफेरी प्रीसेट 3 ते 5 मिलिमीटर आकारात मिळतो. बहुफेरी प्रकारात स्क्रूच्या 11-12 फेऱ्यांत वायपर या टोकापासून त्या टोकाला जातो, त्यामुळे सूक्ष्म जुळणी सोपी होते. अंगावरचा 103 हा आकडा 10 किलोओहम सांगतो: 10 च्या पुढे तीन शून्ये.

त्याचे काम सांगलीच्या हळद बाजारातल्या काट्यावरून चांगले समजते. इलेक्ट्रॉनिक काट्यातला लोड सेल, म्हणजे भाराचे विद्युत संकेतात रूपांतर करणारा घटक, पूर्ण भाराला पुरवठ्याच्या प्रत्येक व्होल्टमागे साधारण 2 मिलिव्होल्ट देतो. पुरवठा 5 व्होल्टचा असेल तर 100 किलो क्षमतेच्या काट्याला पूर्ण भारावर मिळतात फक्त 10 मिलिव्होल्ट. काटा 50 ग्रॅमच्या टप्प्याने दाखवत असेल तर एका टप्प्याच्या वाट्याला 5 मायक्रोव्होल्ट येतात. ॲम्प्लिफायरमध्ये मुळातच 100 मायक्रोव्होल्टचा ऑफसेट, म्हणजे भार नसतानाही दिसणारा व्होल्टेज, असला, तर रिकामा काटा एक किलो दाखवेल. हा दोष एका प्रीसेटने शून्यावर आणतात. दुसऱ्याने प्रमाणित वजन ठेवून स्पॅन, म्हणजे भाराप्रमाणे आकडा किती वाढावा ते प्रमाण, जुळवतात. स्पॅन हलवला की शून्यही थोडे हलू शकते, म्हणून दोन्ही आलटून पालटून तपासावे लागतात. नव्या काट्यांत हे आकडे मायक्रोकंट्रोलर लक्षात ठेवतो, पण ॲनालॉग जुळणीचे काटे असतात तिथे शेतकऱ्याच्या पोत्याचे वजन या दोन स्क्रूंवर अवलंबून असते. वैध मापनशास्त्र अधिनियम, 2009 खाली काट्याची ठरावीक मुदतीने पडताळणी होते आणि जुळणीच्या जागेवर सील लागते. ते सील म्हणूनच महत्त्वाचे.

चांगल्या मांडणीत प्रीसेटकडे शक्य तितके कमी काम सोपवलेले असते. समजा, स्पॅन ठरवायला 10 किलोओहमच्या आसपासचा रोध हवा आहे. तो सगळा प्रीसेटनेच दिला, तर सरमेटच्या प्रत्येक अंशाला दशलक्षात 100 भाग या तापमान गुणांकाने 25 अंशांच्या फरकाला पाव टक्का चूक येते: 50 किलोच्या पोत्यामागे 125 ग्रॅम. सांगलीत हिवाळ्यातली पहाट आणि एप्रिलची दुपार यांत एवढे अंतर सहज पडते. त्याऐवजी 9.1 किलोओहमचा स्थिर रोधक आणि त्याच्यासोबत एकसरीत 2 किलोओहमचा प्रीसेट घेतला, तर प्रीसेटच्या वाट्याला जवळपास 0.9 किलोओहम येतो आणि त्याच्यामुळे होणारी चूक 11 ग्रॅमच्या आसपास उरते. स्थिर रोधक मात्र कमी गुणांकाचा घ्यावा, नाहीतर सगळा हिशेब फुकट. जुळणीही सोपी होते, कारण स्क्रूच्या संपूर्ण फिरण्यात फक्त हवा तेवढाच टापू येतो. प्रीसेट व्होल्टेज विभाजक म्हणून तिन्ही टर्मिनलांनी जोडला असेल, तर पट्ट्याच्या दोन्ही बाजू सारख्याच बदलतात आणि तापमानाचा परिणाम बराचसा कटतो. दोनच टर्मिनल वापरताना वायपर एका टोकाला जोडून ठेवावा. संपर्क सुटला तरी सर्किट उघडे पडत नाही, पूर्ण रोध शिल्लक राहतो.

शिसेविरहित सोल्डर 217 अंशांच्या पुढे वितळते आणि बोर्डावरचे सोल्डर वितळवून घटक जोडणाऱ्या रिफ्लो भट्टीत कमाल तापमान 260 अंशांपर्यंत जाऊ शकते. म्हणून जुळणी बोर्ड पूर्ण थंड झाल्यावरच करावी. उघड्या बांधणीचा प्रीसेट धुऊ नये. विरघळलेला फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावलेला पदार्थ) वायपरखाली जाऊन संपर्क बिघडवतो. धुवायचा बोर्ड असेल तर सीलबंद प्रकारच घ्यावा. स्क्रूवर जोर देणे आणखी वाईट, कारण इथे यांत्रिक ताण थेट सोल्डरच्या सांध्यावर येतो. फिरवण्याचे आयुष्यही मर्यादित असते, बऱ्याच प्रकारांत 100 ते 200 आवर्तने. एकदाच जुळवायच्या घटकाला तेवढे पुरे. रोज फिरवायच्या बटणाच्या जागी तो बसवणे चूकच.

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागात वेगळी काळजी लागते. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पावसाळ्याचे महिने हवा दमट असते. ओलावा आणि धूळ यांचा थर बोर्डावर बसला की त्यातून किंचित प्रवाह गळतो. 1 मेगाओहमच्या प्रीसेटला तो भोवतो, 1 किलोओहमच्या प्रीसेटला फारसा नाही. तिथल्या उपकरणांत शक्य तिथे कमी रोधाची मांडणी आणि सीलबंद प्रीसेट हेच शहाणपणाचे. बोर्डावर संरक्षक लेप देताना उघडा प्रीसेट झाकावा, नाहीतर लेपच वायपरखाली शिरतो.

डिजिटल पोटेन्शिओमीटरने प्रीसेटची बरीच जागा घेतली आहे. त्यात 128 किंवा 256 असे ठरलेले टप्पे असतात आणि सूचना द्यायला कंट्रोलर लागतो. शेतीपंपाच्या पॅनेलमधल्या साध्या ॲनालॉग कार्डावर, जिथे मोटर कोरडी चालली तर किती प्रवाहाला बंद करायची एवढेच ठरवायचे असते, तिथे एक प्रीसेट आणि तो जुळवणारा अनुभवी हात पुरतो.