“चौदा घेतल्यात, आता काय होतंय?”

गावाकडे कुत्रा चावला की एखादा तरी म्हणतोच, “मला लहानपणी पोटात चौदा इंजेक्शनं झालीत, आता काही होत नाही.” होतं, आणि असा निर्धास्त राहणाऱ्यालाच जास्त धोका. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली रेबीजची ती जुनी लस भारतात २००५ पर्यंत बंद झाली. तिचा कोर्स आता धरतच नाहीत. अशा माणसाला सगळे डोस नव्याने घ्यावे लागतात.

नव्या लसीचा कोर्स पुरा झालेल्यांचं काय? त्यांच्या शरीराला रेबीजची ओळख असते, पण ती जागी करावी लागते. म्हणून पुन्हा चावलं तर साधारणपणे दोन डोस: एक लगेच, दुसरा तीन दिवसांनी. पोटात नाही हो, दंडात!

जखम धुण्यातून मात्र कुणालाच सुटका नाही. नळाच्या धारेखाली, साबण लावून, घड्याळ बघून १५ मिनिटं. या विषाणूवर स्निग्ध आवरण असतं. साबणाने ते फुटतं. पाण्याचा एक हबका मारून वर चुना किंवा तिखट भरलं, की जखम चिघळते आणि विषाणू आतच राहतो. मग धुतल्यावर लगेच दवाखाना, लक्षणांची वाट बघत बसायचं नाही. ती दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही.