पर्यावरण मंजुरी कधी लागते? अनुसूचीतल्या एका रेषेची गोष्ट

मोठा प्रकल्प म्हटला की पर्यावरणावरचा परिणाम आधी तपासला जात असणार, असे आपण धरून चालतो. कायदा तसे म्हणत नाही. प्रकल्पाचा प्रकार अनुसूचीत, म्हणजे अधिसूचनेला जोडलेल्या यादीत, असावा लागतो आणि त्याचे आकडेही तिथल्या मर्यादेपर्यंत पोहोचावे लागतात.

नियोजन आयोगाने १९७६-७७ मध्ये नदीखोरे प्रकल्प पर्यावरणाच्या नजरेने तपासायला सांगितले, पण त्यामागे कायद्याचे बळ नव्हते. ते भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्याने दिले. त्याखाली २७ जानेवारी १९९४ ला पर्यावरण मंजुरीची पहिली अधिसूचना निघाली, १९९७ मध्ये जनसुनावणी जोडली गेली. आज लागू आहे ती १४ सप्टेंबर २००६ ची, अर्थात असंख्य दुरुस्त्यांसह.

दुरुस्त्यांमध्येच खरी मेख आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणाला मंजुरी लागण्याची मर्यादा आधी ३० किलोमीटर होती. २०१३ मध्ये ती १०० किलोमीटर झाली. उत्तराखंडातला सुमारे ९०० किलोमीटरचा चारधाम रस्ता प्रकल्प ५३ भागांत मांडला गेला आणि एकही भाग शंभरी ओलांडेना. डोंगराला अर्थातच हे तुकडे दिसत नाहीत. रेल्वे आणि मेट्रो तर २००६ च्या अनुसूचीत नावानेही नाहीत. आरेची कारशेड गाजली ती झाडांवरून, त्याचे एक कारण हेही.

मुंबईच्या सागरी किनारा मार्गात हा पेच उघडा पडला. समुद्रात भराव घालून रस्ता करता यावा म्हणून डिसेंबर २०१५ मध्ये किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे, नियमच बदलले गेले आणि मे २०१७ मध्ये त्यानुसार मंजुरी मिळाली. २००६ च्या अधिसूचनेखालची वेगळी पर्यावरण मंजुरी मात्र घेतलीच नव्हती. वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांची संस्था आणि इतर याचिकाकर्ते उच्च न्यायालयात गेले. १६ जुलै २०१९ ला न्यायालयाने २०१७ ची मंजुरी रद्द केली. पाच महिन्यांनी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, पण काम रस्त्यापुरतेच ठेवण्याच्या अटीवर.

गोव्यात मोपा विमानतळाच्या बाबतीत मंजुरी घेतली होती, पण अर्जात माहिती दडवल्याचे आढळल्याने सर्वोच्च न्यायालयाने ती मार्च २०१९ मध्ये स्थगित केली आणि जानेवारी २०२० मध्ये जादा अटींसह पुन्हा लागू केली. तिथे डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झाले. मुंबईत किनारा मार्गाचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये वाहतुकीला खुला झाला.