कोलंबस डेच्या मागे एक लिंचिंग आहे

ऑक्टोबरचा दुसरा सोमवार, म्हणजे कोलंबस डे, आला की अमेरिकेत दरवर्षी तोच वाद, कोलंबसचे पुतळे ठेवायचे की हलवायचे. तिथल्या मूळ रहिवाशांचे त्याने जे हाल केले ते बघता हलवा म्हणणाऱ्यांचं मला पटतं. पण इटालियन वंशाचे लोक या माणसाला एवढं का धरून बसलेत ते कळायला १८९१ च्या न्यू ऑर्लिन्समध्ये जावं लागतं.

त्याआधी थोडं मागे. इटली एक देश झाला १८६१ मध्ये, पण दक्षिणेकडच्या शेतमजुराच्या हाती काय आलं तर वाढीव कर. जमीन जमीनदाराची, वर मलेरिया. मग लोक निघाले, १८८० ते १९२४ मध्ये साधारण ४० लाख इटालियन अमेरिकेत आले, बहुतेक सिसिली, कालाब्रिया, नेपल्सकडचे. गंमत म्हणजे यातले बरेचसे स्वतःला इटालियन म्हणवतच नव्हते, ते आपापल्या गावचे, एकाची बोली दुसऱ्याला धड कळायची नाही. इटालियन हा शिक्का त्यांच्यावर अमेरिकेत बसला.

न्यू ऑर्लिन्सला सिसिलीची माणसं जास्त, कारण गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना स्वस्तात मजूर हवे होते आणि पालेर्मोहून लिंबं घेऊन जहाजं तशीही येतच होती. शहरातल्या फ्रेंच क्वार्टरला लोक छोटं पालेर्मो म्हणायला लागले. हे लोक काळ्या मजुरांच्या खांद्याला खांदा लावून राबायचे, त्यांना माल विकायचे, गोऱ्यांना ते खुपायचं.

ऑक्टोबर १८९० मध्ये शहराचा पोलीसप्रमुख डेव्हिड हेनेसी याला रात्री घरी जाताना गोळ्या घातल्या. मरण्याआधी त्याने इटालियनांना देतात ती शिवी उच्चारली असं त्याच्या एका सहकाऱ्याने सांगितलं, झालं, शेकड्यांनी धरपकड. नऊ जणांवर खटला चालला, १३ मार्च १८९१ ला निकाल आला, सहा सुटले आणि तिघांबद्दल ज्युरीचं एकमत झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हजारोंचा जमाव जमला, त्यात शहरातले वकील-व्यापारी असले प्रतिष्ठित लोक पुढे, तुरुंग फोडला आणि ११ जणांना ठार केलं. त्यातल्या काहींवर तर खटला उभाही राहिला नव्हता! शिक्षा एकालाही नाही. आणि न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात शिव्या घातल्या त्या सिसिलियनांनाच.

इटलीने आपला राजदूत परत बोलावला. शेवटी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्या सरकारने १८९२ मध्ये साधारण २५ हजार डॉलर भरपाई दिली, आणि त्याच वर्षी कोलंबसच्या सफरीला ४०० वर्षं झाली म्हणून देशभर सुट्टी जाहीर केली. जाहीरनाम्यात इटालियनांचा उल्लेख नाही, पण इटलीशी बिघडलेलं सावरायचा भाग त्यात होता असं बरेच इतिहासकार मानतात. इटालियनांनी मात्र ही संधी सोडली नाही. न्यूयॉर्कमधल्या एका इटालियन पेपरने वाचकांकडून वर्गणी काढून कोलंबसचा पुतळा उभा केला, तो कोलंबस सर्कलला आजही आहे. कोलंबस उत्तरेतल्या जिनोआचा, त्याच्या काळात इटली नावाचा देशसुद्धा नव्हता, सिसिलीच्या मजुराशी त्याचा संबंध काय? पण "आम्ही उपरे नाही, हा देश आमच्याच माणसाने शोधला" असं म्हणायला दुसरं होतं कोण.

तेवढ्याने भागलं नाही हेही खरं. १९२४ च्या स्थलांतर कायद्याने इटलीतून येणाऱ्यांचा कोटा वर्षाला चार हजारांच्याही खाली आणला. दुसऱ्या महायुद्धात नागरिकत्व न घेतलेले सुमारे सहा लाख इटालियन शत्रू ठरले, आणि तो शिक्का काढल्याची घोषणा झाली ती नेमकी १९४२ च्या कोलंबस डेला.

न्यू ऑर्लिन्सच्या महापौरांनी त्या ११ जणांसाठी माफी मागितली २०१९ मध्ये, म्हणजे १२८ वर्षांनी. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांनी २०२१ मध्ये सुट्टीचं नाव फक्त मूळ रहिवाशांच्या नावे केलं, त्यावर आरडाओरडा झाला आणि मग इटालियन वारसा दिन आणि मूळ रहिवासी दिन अशी दोन्ही नावं लागली. कोलंबस त्यात नाहीये.