अलोंझो स्टॅग: प्रोफेसरची कायम जागा, सत्तरीची अट आणि 314 विजय

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या जुन्या कोचेसमध्ये स्टॅगचा विषय निघाला की चर्चा पहिल्यांदा 1932 वर जाते, म्हणजे 41 सीझन काढलेल्या माणसाला शिकागो युनिव्हर्सिटीनं घरी का बसवलं यावर. ते कळायला आधी 1892 बघायला हवं, कारण वाद कोचिंगचा कमी आणि नोकरीचा जास्त होता.

त्या काळी कॉलेजची टीम बऱ्याच ठिकाणी कॅप्टनच चालवायचा, कोच म्हणजे एखादा जुना खेळाडू, सीझनपुरता येणार आणि जाणार. स्टॅग येलचा, 1889 च्या पहिल्या ऑल-अमेरिका टीममधला (देशभरातले निवडक कॉलेज खेळाडू घेऊन कागदावर बनवलेली टीम), पाद्री व्हायला निघालेला पण लोकांसमोर बोलणं जमेना म्हणून ते सोडलं आणि स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए ट्रेनिंग स्कूलमध्ये गेला. बास्केटबॉलचा जन्म तिथलाच, मार्च 1892 च्या पहिल्या पब्लिक मॅचमध्ये मास्तरांची टीम विद्यार्थ्यांकडून 5-1 हरली आणि तो एक बास्केट यानंच टाकला होता. पुढं येलमधलाच त्याचा एक प्रोफेसर शिकागोच्या नव्या युनिव्हर्सिटीचा प्रेसिडेंट झाला, त्यानं याला बोलावलं, आधी 1500 डॉलर, मग 2000, शेवटी 2500 आणि वर असोसिएट प्रोफेसरची कायम जागा. खरी मोठी गोष्ट ही जागा. कोच हा फॅकल्टीतला माणूस झाला, एखादा सीझन वाईट गेला म्हणून त्याला हलवता येणार नव्हतं. पहिल्या वर्षी पोरं कमी पडत होती तर हा स्वतःच ड्रेस घालून मैदानात उतरला.

मैदानावरचं सगळं सांगत बसत नाही, पण 1905 ची मिशिगनची मॅच सांगायलाच हवी. मिशिगन 56 मॅचेस हरलेलं नव्हतं आणि त्या सीझनला त्यांच्यावर एक पॉइंटसुद्धा लागला नव्हता. शिकागोचा पंट, म्हणजे हातातून सोडून लांब मारलेली किक, मिशिगनच्या पोरानं आपल्याच गोललाइनच्या मागं उचलला, बॉल घेऊन बाहेर पळायला गेला आणि शिकागोवाल्यांनी त्याला परत आत लोटला, सेफ्टी, म्हणजे आपल्याच गोललाइनमागं अडकल्याचे समोरच्याला दोन पॉइंट, 2-0, संपलं. कॉन्फरन्सची, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाची, सात टायटल्स आली, शेवटचं 1924 ला.

आता 1932. नवा प्रेसिडेंट 1929 मध्ये आला, जेमतेम तिशीचा, त्याला कॉलेजमध्ये एवढा मोठा फुटबॉलचा पसारा नकोच होता. फॅकल्टीला सत्तरीला रिटायरमेंट हा नियम होता आणि स्टॅग फॅकल्टीत होता, झालं. ज्या जागेनं चाळीस वर्षं सांभाळलं तिच्याच नियमानं त्याला बाहेर काढलं. नियम सगळ्यांना सारखा असं युनिव्हर्सिटीची बाजू घेणारे म्हणतात आणि कागदावर ते बरोबर आहे, शेवटची वर्षं टीम हरत होती हेही खरं. पण कोचिंग सोडून दुसरं काम देऊ केलं होतं, म्हणजे माणूस चालत होता, मैदानावर तेवढा नको होता, त्यामुळे नियमाचा आधार सोयीचा होता असं माझं स्पष्ट मत आहे. सात वर्षांनी, डिसेंबर 1939 मध्ये, त्याच प्रेसिडेंटच्या काळात फुटबॉलच बंद केला. मैदान ओस पडलं आणि 2 डिसेंबर 1942 ला त्याच मैदानाच्या, स्टॅगचंच नाव असलेल्या स्टॅग फील्डच्या, स्टँडखाली माणसानं घडवलेली पहिली नियंत्रित अणुसाखळी अभिक्रिया झाली. फुटबॉल 1969 ला परत आला, तोही लहान पातळीवर.

स्टॅगनं ते दुसरं काम नाकारलं आणि कॅलिफोर्नियात कॉलेज ऑफ द पॅसिफिकला गेला. 1943 ला, 81 व्या वर्षी, देशातला कोच ऑफ द इयर. 1946 ला तिथंही सल्लागाराची खुर्ची पुढं केली, तिथूनही निघाला आणि पेनसिल्व्हेनियात मुलाबरोबर टीम बघू लागला. नंतर स्टॉकटनमध्ये पोरांना किक शिकवायचा, 1960 पर्यंत. 1965 ला गेला तेव्हा 102 वर्षांचा होता.

स्टॅगच्या नावावर 314 विजय धरतात, त्या आकड्याचा घोळ इथंच आहे. स्प्रिंगफील्डचे 10, शिकागोचे 244, पॅसिफिकचे 60, एवढेच त्यात धरलेत, मुलाबरोबरचे धरलेले नाहीत. 1981 ला अलाबामा युनिव्हर्सिटीच्या कोचनं 315 वी मॅच जिंकून रेकॉर्ड मोडला तो याच आकड्यावर. पेनसिल्व्हेनियातली वर्षं मोजायला हवी होती, कारण नव्वदीच्या उंबरठ्यावरचा तो माणूस तिथं पाहुणा म्हणून नाही, टीम घडवायला गेला होता.